रविवारी दवाखाना बंद

३ जानेवारी १९४९, सोमवार. कल्याण

दवाखाना सुरू झाला. निर्वासितांच्या छावणीच्या कचेरीने लष्कराच्या जुन्या बराकीतली टोकाची खोली दिली, मिशनने औषधांच्या सहा पेट्या पाठवल्या, आणि बाकीचं सगळं मी. पहिल्याच दिवशी एक्केचाळीस रोगी. सिंधमधून आलेली ही माणसं वर्षभर बराकीत राहताहेत, मध्ये चादरी टांगून एका खोलीत चार-चार कुटुंबं. खोकला, हगवण, खरूज, आलेले डोळे. यातलं मला न येणारं काही नाही. मिरजेच्या इस्पितळात बारा वर्षं नर्स म्हणून काढली ती उगाच नाही.

मिशनसाठी अहवालाची वही वेगळी केली आहे. ही माझी. रोगी माझ्या लक्षात राहतात, दिवस राहत नाहीत, म्हणून.

मदतीला आवडाबाई आहे. शेजारच्या गावची आगरी बाई, पन्नाशीची, पाणी उकळायला आणि रांग लावायला. लिहितावाचता येत नाही, पण आवाज खणखणीत आहे. बाटल्यांच्या चिठ्ठ्या धाकट्या बहिणीने, सुहासने, लिहून दिल्या. शाळेत शिकवून आल्यावर बसून दोनशे चिठ्ठ्या, एकीवरही डाग नाही. मग म्हणाली, पाठ दुखली. सव्वीस वर्षांच्या मुलीची पाठ दुखते म्हणजे काय. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मिशनच्या शाळेत ठेवून मीच तिला वाढवली, मग हा नाजूकपणा कुठून आला कळत नाही.

९ जानेवारी, रविवार

सुहासबरोबर ठाण्याला उपासनेला गेले. नंतर पाळकसाहेबांना गाठलं. रेव्हरंड रणनवरे वडिलांचे स्नेही, त्यामुळे मला अजून अगं-तुगं करतात. म्हटलं, रविवारीही दवाखाना उघडावा म्हणते. त्यांनी विचारलं, मग उपासनेला कधी येणार आणि पाठ कधी टेकणार? मी सांगितलं, प्रभूने शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशीच वाळल्या हाताचा माणूस बरा केला, आणि नियमवाल्यांनी तेव्हा असंच विचारलं होतं.

ते हसले, पण नियमवाल्यांत बसवलेलं त्यांना रुचलं नसावं. म्हणाले, त्याच प्रभूविषयी असंही सांगितलं आहे की लोक शोधत असताना तो एकटाच डोंगरावर निघून गेला. मी म्हटलं, त्याच्या मागे बारा शिष्य होते, माझ्या मागे आवडाबाई आहे.

परत येताना सुहासने आगगाडीच्या खिडकीबाहेर तोंड केलं. तिला वाद आवडत नाहीत.

२ फेब्रुवारी, बुधवार

ब्याण्णव रोगी. गोवर पसरतोय. सुहासला संध्याकाळची कणकण होती. शाळेत साथ आहेच. क्विनीनची गोळी तिच्या उशाशी ठेवली आणि मी आडवी झाले.

२० फेब्रुवारी, रविवार

दवाखान्याचा हा तिसरा रविवार. रविवारीच गर्दी जास्त, कारण पुरुषांना कामावरून सवड असते. माझा अंदाज बरोबर ठरला.

सुहास एकटीच ठाण्याला जाऊन आली. गायनात उभी राहिली नाही म्हणे, घसा बसलाय. घराच्या आठ पायऱ्या चढली आणि उंबऱ्यावरच बसली. म्हटलं, अगं, आत तरी ये. माझ्यासाठी तिने उपदेशाचे मुद्दे कागदावर उतरवून आणले होते. वाचायला वेळ झाला नाही.

१४ मार्च, सोमवार

आज मला माझाच अभिमान वाटतोय. लिहून टाकते, म्हणजे उतरेल.

मागच्या आठवड्यात एक तरुण बाई मुलाचे डोळे दाखवायला आली होती. मी मुलाचे डोळे धुतले आणि मग आईलाच विचारलं. संध्याकाळी अंग गरम होतं का? झोपेत घाम येतो का? कपडे सैल झालेत का? तिन्हींना हो. तिच्या गालांवर लाली होती. ती लाली निरोगीपणाची नसते, हे डोळ्याला शिकावं लागतं. तिला ठाण्याच्या नौपाड्यात डॉ. देवस्थळींकडे पाठवली. आज त्यांची चिठ्ठी आली. क्षयच निघाला, पण वेळेत. खाली लिहिलं आहे, ‘तुमच्या नजरेने एक आई वाचवली.’

घरी आले तेव्हा सुहास आपली पोलकी शिवणीत आत घेत बसली होती, एकदम चार. म्हटलं, छान, अंगासरसं घातलेलं केव्हाही बरं दिसतं. चेहऱ्यावरही हल्ली रंग आलाय तिच्या. तिला ती चिठ्ठी वाचून दाखवली. बराच वेळ तिने ती हातात धरली होती. तिलाही माझं कौतुक वाटलं असणार.

२२ मार्च, मंगळवार

एक चूक होता होता राहिली. एका मुलाचे डोळे धुवायला बोरिकची बाटली घेतली ती डोळे जाळणाऱ्या कार्बोलिकची निघाली. कापूस भिजवला होता. आवडाबाईने माझं मनगट धरलं. “बाय, याचा वास येगला हाय,” म्हणाली. तिला चिठ्ठी वाचता येत नाही, पण नाक आहे. मुलगा वाचला.

मग ती मला बाकाकडे नेऊ लागली. “जरा बस. तू बी मानूसच हायेस.” रांगेत साठ माणसं होती, बसते कुठली. दोन्ही बाटल्या एकाच रंगाच्या होत्या, तिथेच चुकलं. उद्यापासून कार्बोलिक निळ्या बाटलीत.

२७ मार्च, रविवार

पाळकसाहेब स्वतः छावणीत आले. या वयात, उन्हातून, टांगा करून. रोग्यांच्या बाकावर तासभर बसून होते. वाटलं, काम पाहून खूश होतील. रांग सरल्यावर म्हणाले, “वादळात सगळे ओरडत असताना प्रभू नावेत झोपला होता. मला पूर्वी वाटायचं, ही गोष्ट वादळ शांत केल्याची आहे. आता वाटतं, ती झोपेची आहे.”

मी म्हटलं, साहेब, मला झोप लागते, काळजी करू नका. खरंच लागते. परवा तर हातात थर्मामीटर धरून उभ्यानेच लागली होती.

निघताना त्यांनी विचारलं, “सुहासिनीला शेवटचं कधी पाहिलंस?”

“आज सकाळीच.”

ते टांग्यात जाऊन बसले. वय झालंय त्यांचं. काहीतरी विचारायचं आणि विसरायचं, असं चालतं.

७ एप्रिल, गुरुवार

एकशे चौदा रोगी. त्यांतली त्र्याहत्तरावी सुहास होती.

मी मान खाली घालून लिहीत होते. नाव विचारलं. “सुहासिनी,” असं उत्तर आलं. मी तेही लिहिलं. वय विचारलं.

“सव्वीस.”

“काय होतंय?”

“संध्याकाळी ताप येतो, दोन महिने झाले. झोपेत घाम येतो. आज सकाळी खोकल्यातून रक्त पडलं.”

मग मी वर पाहिलं. तिने पदर डोक्यावरून घेतला होता आणि हातात आवडाबाईने दिलेला नंबराचा पुठ्ठा होता. इतर बायांसारखीच दोन तास उन्हात उभी राहिली होती. मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो, हे मला ठाऊक आहे. म्हटलं, हा काय प्रकार, घरी सांगता येत नव्हतं?

ती म्हणाली, “घरी तू कुठे असतेस, ताई? इथे तू माणसांकडे नीट बघतेस. म्हणून इथे आले.”

तिच्या पाठीला नळी लावली. डावीकडे वर जे ऐकू आलं ते मी शेकडो वेळा ऐकलं आहे.

तिनेच सांगितलं, उरलेले बघून घे, मी बसते. आणि मी बघितले. हे लिहायला जड जातंय, पण खोटं लिहायला ही वही घेतलेली नाही. बहीण बाकावर बसलेली असताना मी आणखी एक्केचाळीस रोगी तपासले. त्यांतल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही.

९ एप्रिल, शनिवार

नौपाड्यात डॉ. देवस्थळींकडे. छातीचा फोटो काढला. डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग. रुपयापेक्षा मोठा नाही म्हणाले, आणि बरा होण्यासारखा आहे. मिरजेकडच्या आरोग्यधामात जूनअखेर जागा मिळेल, स्ट्रेप्टोमायसीन हे नवं औषध ते स्वतः मुंबईहून मागवतील. तोवर घरी अंथरुणातून उठायचं नाही. शिवण नाही, मुलींच्या वह्या नाहीत, गाणं तर नाहीच.

“विश्रांती हे या रोगाचं औषधच आहे,” ते म्हणाले. “बाटलीत मिळत नाही म्हणून लोक डोस चुकवतात.”

माझाही फोटो काढला. स्वच्छ आहे. मला जरा लाज वाटली.

त्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुमच्या नजरेला हे कसं दिसलं नाही. ते भले गृहस्थ आहेत.

१० एप्रिल, झावळ्यांचा रविवार

ठरवलं, दवाखाना बंद. छावणीची कचेरी दुसरी नर्स बघेल, नाहीतर न बघो. सकाळीच सुहासला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

ती चिडली. सव्वीस वर्षांत तिला चिडलेली मी पाहिली नव्हती. उठून बसू लागली, तिला दाबून निजवावं लागलं. म्हणाली, “एकशे चौदा माणसांचं औषध माझ्यामुळे बंद झालं, हे छातीवर घेऊन मी बरी होणार नाही. मला तुझे सगळे दिवस नकोत, ताई. एक दे. पण त्या दिवशी नर्स म्हणून येऊ नकोस.”

मग कोण म्हणून येऊ, हे मी विचारलं नाही. उत्तर काय आलं असतं याची धास्ती वाटली.

११ एप्रिल, सोमवार

आठवड्यातून एक दिवस आणि रोज दुपारी दोन तास, एवढा वेळ मोकळा करायचा तर मदत हवी. सकाळी रांगेसमोर उभी राहिले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, तुमच्यापैकी कोणाला रोग्यांचं काही काम येतं का. जखम बांधता येत असेल तरी चालेल.

मागच्या बाजूला एका म्हातारीने हात वर केला. जेठीबाई. तिला मी ओळखत होते, म्हणजे तिच्या नातवाला. त्याचे कान वाहतात. जानेवारीपासून दर आठवड्याला ती त्याला घेऊन येते, रांगेत बसते, कान साफ करून घेते, जाते. आज कळलं की ती सिंधमधल्या हैदराबादेत बायकांच्या इस्पितळात अठरा वर्षं नर्स होती. प्रसूती, ड्रेसिंग, सुया, सगळं करत होती.

म्हटलं, तीन महिने समोर बसत होतात, सांगितलं का नाहीत?

ती शांतपणे म्हणाली, “बहनजी, आपने पूछा ही नहीं.”

तिला सुई उकळायला दिली. तिच्या हातांकडे पाहून मला समजलं की ते हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. दुपारी मी निघाले तेव्हा ती माझ्या खुर्चीत बसली होती. नातू आवडाबाईजवळ पुठ्ठे वाटत होता. जेठीबाई अगदी ताठ बसली होती. दीड वर्ष वाट पाहून आपल्या जागी आलेलं माणूस कसं बसतं, ते आज पाहिलं.

१७ एप्रिल, ईस्टर

दारावर पाटी लावली, रविवारी दवाखाना बंद. पहाटेच्या उपासनेला ठाण्याला जाऊन आले. पाळकसाहेबांनी हात हातात घेतला. नियमवाल्यांच्या बाबतीत मी त्यांची क्षमा मागितली. म्हणाले, तू म्हणालीस ते खरंच होतं. दुखणाऱ्या माणसासाठी विसाव्याचा दिवस मोडलेला प्रभूला चालतो. पण तू दिवस मोडला नव्हतास, तू तो पाळलाच नव्हतास.

मग घरी. सुहासची खाट आता ओसरीवर आहे, मोकळ्या हवेत. मी पाच हातांवर खुर्ची टाकून बसले. दहा मिनिटांत तिची चादर सरळ केली, ताप पाहिला, तांब्या भरला, परत चादर सरळ केली. ती म्हणाली, नर्सबाई, आज सुट्टी आहे ना. मग बसले. बसणं हे काम मला येत नाही, हे मान्य करायला हवं. अर्ध्या तासाने ती शाळेतल्या एका मुलीची नक्कल करू लागली आणि आम्ही हसलो. ती नकला करते हे मला माहीत नव्हतं. सगळी शाळा ओळखते म्हणे.

८ मे, रविवार

छावणीतून माणूस धावत आला. मुलाला आकडी आली होती आणि जेठीबाई एका बाळंतिणीपाशी अडकली होती. मी सुहासकडे पाहिलं. ती म्हणाली, “जा, माझ्याकडे काय बघतेस?” गेले. मूल शुद्धीवर आलं. ते तास सोमवारी दुपारी सुहासला परत दिले. असंच चालवायचं ठरवलंय. पाटी खरी आहे, पण ती दारावर आहे, माझ्यावर नाही.

२० जून, सोमवार

सुहासला आरोग्यधामात पोचवून आले. वजन दोन पौंड वाढलं आहे. निरोप घेताना दोघी रडलो नाही. घरी ओसरीवरची रिकामी खाट पाहिली तेव्हा मी रडले. मग पेज करून खाल्ली आणि निजले. पूर्वी अशा वेळी दवाखान्यात गेले असते.

८ ऑक्टोबर, शनिवार. मिरजेकडे

दहा दिवसांची रजा. आयुष्यातली पहिली. छावणीला आता उल्हासनगर असं नाव मिळालंय आणि दवाखान्याला दुसरी खोली. आवडाबाईने निघताना बजावलं, “लौकर येव नको.”

सुहास इतर रोग्यांबरोबर लांबच लांब ओसरीवर निजलेली असते. थुंकीत आता जंतू दिसत नाहीत. डाग आकसतोय. नव्या वर्षात घरी सोडतील. मी दुपारी तिच्या खाटेशेजारी आरामखुर्चीत पडले. आज तीन तास झोपले. जागी झाले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “तू घोरतेस. बाबांसारखी.”

१२ ऑक्टोबर, बुधवार

जेठीबाईचं पत्र आलं, तिच्या इस्पितळी इंग्रजीत. अकरा नंबरच्या बराकीतली पाच महिन्यांची मुलगी हगवणीने गेली. शुक्रवारी मीच तिला तपासलं होतं. तेव्हा बरी होती. रविवारी बिघडली. जेठीबाई पाटी न बघता लगेच धावली, सलाइन दिलं, ठाण्याहून डॉ. देवस्थळींना आणवलं. सोमवारी पहाटे संपलं. पत्रात सगळं वेळेनुसार लिहिलं आहे. शेवटी एवढंच, ‘आई काही खात नाही.’

सामान भरायला घेतलं. मग थांबले. एक कागद घेतला आणि लिहायला बसले, मी तिथे असते तर काय वेगळं केलं असतं. तासभर बसले. कागद कोराच राहिला. जेठीबाईने केलं नाही असं काहीच मला सुचलं नाही. तरी वाटतं ते वाटतंच. मी प्रार्थना केली. त्या मुलीसाठी केली, आणि मग हिंमत करून असंही म्हटलं की प्रभू, ती छावणी तुझी आहे, मी तिथे चाकरीला आहे.

सुहासने विचारलं, “जाणार?”

“नाही. ठरल्याप्रमाणे सोमवारी निघेन.”

तिने डोळे मिटले. मला वाटतं, तिने श्वास रोखून धरला होता.

१८ ऑक्टोबर, मंगळवार. कल्याण

सकाळी दवाखान्यात डोकावले. रांग लागली होती, जेठीबाई खुर्चीत, आवडाबाईचा खणखणीत आवाज. मी आत गेले नाही. अकरा नंबरच्या बराकीत गेले.

गेलेल्या मुलीची आई असेल बावीस-तेवीस वर्षांची. कोपऱ्यात चटईवर भिंतीला टेकून बसली होती. सासू जवळ होती. माझ्याकडे पाहून त्या आईने विचारलं, “दवा लाई हो?”

“नहीं,” म्हटलं. “बैठने आई हूँ.”

तिने जरा सरकून चटईवर जागा केली. मी बसले. तिला सांगितलं की त्या दिवशी मी बहिणीपाशी होते, इथे नव्हते. हे सांगणं मला चुकवायचं नव्हतं. ती रागावेल अशी तयारी होती. ती म्हणाली, “बहन ठीक है?” मी हो म्हटलं. तिने मान हलवली. मग मुलीबद्दल बोलू लागली. सिंधीत, भराभर. मला निम्मंही कळत नव्हतं, पण मी ऐकलं. आधी मी अशा ठिकाणी नाडी पाहिली असती, ताकदीची गोळी दिली असती आणि पुढच्या बराकीत गेले असते.

दुपारी तिने सासूच्या हातून चार घास खाल्ले. मग बोलता बोलता ती कलंडली आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं. सासू खुणेने म्हणाली, आठ दिवसांत आज पहिल्यांदा झोपली.

माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी हलले नाही.